किहीमला काय जपायचं, सलीम अलींचं घर की सुगरणींचे खोपे?

माडबन: डॉ. सलीम अली १९३० मध्ये बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून परतले, तर प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली. बिऱ्हाड किहीमला हलवलं आणि त्याच पावसाळ्यात सुगरणींचा तो गाजलेला अभ्यास झाला. अलिबागला येणारा प्रत्येक जण कुलाबा किल्ला बघतो, किहीमच्या या घराचं नाव कोणी काढत नाही. शासनाने ते घर-आवार जपून तिथे स्मारक करावं, असं माझं ठाम मत आहे.

खाजणकर: माझा विरोध. स्मारक म्हणजे पेव्हर ब्लॉक, पुतळा आणि पार्किंगसाठी चार माड आडवे. अलींनी तिथे पाहिलं काय? नर अर्धाच खोपा विणतो, टोपीसारखा. मादी आतबाहेर करून पारखते. पसंत पडला तर तो अंड्यांची खोली नि खाली लोंबणारी नळी पुरी करतो आणि लगेच दुसरा खोपा घेतो, दुसऱ्या मादीसाठी. आपण 'सुगरण' म्हणतो खरं, पण विणकर नर. त्याला भाताच्या हिरव्या पातीच्या चिरफळ्या लागतात. आमच्या मागच्या खाचरात प्लॉट पडले. गेल्या पावसात विहिरीवरच्या शिंदीला एकच खोपा होता, तोही अर्ध्यात सोडलेला.

माडबन: पटतं, पण मी शिक्षक आहे. सातवीची मुलं किहीमला नेली, तर एकीने विचारलं, "सर, ते राहायचे कुठे?" मी हात कुठे दाखवू?

वाडीवाला: दोघांनाही विचारतो, झाडं राखायची कोणी? २०२० च्या निसर्ग वादळात माझी निम्मी वाडी झोपली. माड धरायला सहा-सात वर्षं जातात. प्लॉटवाला रोख मोजतो. खोपे आहेत म्हणून झाड ठेव, असं सांगायला सगळे येतात, पैसे घेऊन कोणी येत नाही.

खाजणकर: दादा, तुमचं खरं आहे. म्हणूनच म्हणतो, स्मारकाचा पैसा खोपे असलेल्या झाडांच्या मालकांना द्या, दरवर्षी. आणि भात लावणाऱ्यालाही.

माडबन: त्याला माझी हरकत नाही. पण घरापाशी एक पाटी तरी हवीच.

खाजणकर: पाटी लावा. फक्त झाडाला खिळा ठोकून नको.