अंबाळा तलावाजवळच्या जुन्या घराला ओल, गिलावा फुगतो

प्रश्न: रामटेकला अंबाळा तलावाजवळ गल्लीतलं वीट-चुन्याचं जुनं घर घेतोय. घाट, देवळं, सगळं पायी. पण भिंतींना कमरेपर्यंत ओल आहे. सिमेंटचा गिलावा फुगलाय, पांढरी पूड झडते. काय करावं?

उत्तर १: भाऊ, दोष सिमेंटचा. जमिनीतलं पाणी विटेतून वर चढतं. चुन्यातून ते उडून जायचं, सिमेंटनं वाट बंद केली. पूड म्हणजे क्षार. ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढा, सांधे इंचभर खरवडा. पूड कोरड्या ब्रशनंच झाडा. धुतली की क्षार पुन्हा आत मुरतात. उन्हाळाभर भिंत उघडी राहू द्या. मग १ भाग चुना, २ भाग वाळू, १ भाग सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी. दोन पातळ थर. चुना किमान १५ दिवस पाण्यात मुरवा, घाई केली तर कच्चे खडे नंतर भिंतीतच फुलतात अन् गिलाव्याला फोड येतात. आठवडाभर ओलं गोणपाट लावा. वर चुन्याचीच सफेदी, ऑइल पेंट अजिबात नको.

उत्तर २: त्याआधी पागोळ्या बघा. कवेलूंचं पाणी जोत्याशीच पडत असेल तर सगळा खर्च वाया. पन्हळ लावा, जोत्यालगतची माती बाहेरच्या बाजूला उतरती करा.

उत्तर ३: इसार देण्याआधी एक विचारा, घराजवळ केंद्र संरक्षित (केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं) स्मारक आहे का? अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. पुढचे २०० मीटरही नियंत्रित, म्हणजे तिथंही बांधकामाला परवानगी लागते.