मदत हवी आहे: ऑल-व्हील-ड्राइव्ह हॅचबॅकच्या मागच्या चाकांना ताकद जात नाही, क्लच गेला का?

नमस्कार मंडळी,

मागचं युनिट (मागचं डिफरन्शियल आणि त्याचा क्लच) खोलायचं की नाही हे या आठवड्यात ठरवायचं आहे. त्याआधी जाणकारांनी एकदा नजर टाकावी म्हणून हा धागा.

गाडी टर्बो हॅचबॅक आहे, इंजिन आडवं, गिअर हाताने टाकायचे. मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) नाही. गिअरबॉक्सकडून मागे शाफ्ट जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा मल्टिप्लेट क्लच (एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या अनेक प्लेटांचा) आहे. टायर २२५/४०, १८ इंची.

त्रास असा: मागे जास्त ताकद देणाऱ्या मोडमध्ये, मोठ्या वेगवान वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी आत वळायची. मी ही गाडी घेतली तीच त्या अनुभवासाठी. आता त्याच जागी नाक बाहेर जातं आणि स्टीअरिंग आणखी वळवावं लागतं. नवल म्हणजे यू-टर्नसारख्या अरुंद वळणात गाडी अगदी पूर्वीसारखी आहे. आणखी एक, ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटांत मागच्या युनिटचं तापमान चढलेलं दिसायचं, हल्ली ते फारसं चढतच नाही. त्यावरून वाटतं, क्लच पकडत नसावा.

आतापर्यंत मागच्या युनिटचं ऑइल बदललं. निघालेलं ऑइल बोटांवर चोळून पाहिलं, चुरा नाही, जळका वास नाही. स्कॅनरवर एकही एरर नाही. अलाइनमेंट बरोबर आहे. पुढचे दोन टायर गोटा झाले होते, ते दीड महिन्यापूर्वी बदलले. मागच्यांची नक्षी साडेचार मिलिमीटर शिल्लक होती म्हणून तेच ठेवले.

याच निमित्ताने बरेच दिवस डोक्यात असलेली शंकाही विचारतो. २०२० च्या टोयोटा जीआर यारिसमध्येही मधलं डिफरन्शियल नाही, मागे क्लचच आहे. तरी कंपनी तीन मोडसाठी ६०:४०, ३०:७० आणि ५०:५० अशी पुढे:मागे वाटणी सांगते. क्लच पूर्ण लागला तर शाफ्टच्या दोन्ही बाजू बरोबरीने फिरणार, एवढंच. मग मागे ७० टक्के जातात कसे?

प्रतिसाद १

प्लेटा घासल्या असतील. युनिट खोलून बघा, उगाच वेळ घालवू नका.

प्रतिसाद २

थांबा, खोलू नका. तुमच्या शंकेतच तुमच्या त्रासाचं उत्तर दडलंय, म्हणून आधी शंका घेतो.

डिफरन्शियल ताकद वाटतं, क्लच फक्त दोन शाफ्ट जोडतो. जुन्या लॅन्सिया डेल्टा इंटेग्रालेत इंजिन आडवंच होतं, पण मध्ये एपिसायक्लिक (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या गिअरचं) डिफरन्शियल, त्याला व्हिस्कस कपलिंगचा (घट्ट द्रवाने घसरण रोखणाऱ्या जोडणीचा) लगाम आणि मागे टॉर्सेन, म्हणजे गिअरनेच घसरण रोखणारं डिफरन्शियल. १६ व्हॉल्व्हच्या गाडीत पुढे ४७ आणि मागे ५३ टक्के ही वाटणी गिअरच्या दात्यांनीच ठरवलेली. १९८७ ते १९९२ असे सलग सहा वर्षं डेल्टाने उत्पादकांचं जागतिक रॅली विजेतेपद मिळवलं, त्यात या मांडणीचा वाटा मोठा आहे. पण ती वजनदार आणि जागा खाणारी. क्लच हलका, स्वस्त, आणि मिलिसेकंदांत सोडता-धरता येतो.

क्लचची अडचण एकच. घसरणाऱ्या क्लचमधून ताकद नेहमी जास्त वेगाने फिरणाऱ्या बाजूकडून कमी वेगाच्या बाजूकडे जाते. म्हणून जीआर यारिसमध्ये पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचं गिअर गुणोत्तर मुद्दाम किंचित वेगळं ठेवलंय. क्लचची इंजिनाकडची बाजू सरळ रस्त्यावरसुद्धा चाकांकडच्या बाजूपेक्षा थोडी पुढे धावते. मग क्लच जेवढा आवळाल तेवढी ताकद मागे. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तत्त्वतः १००:० पासून ०:१०० पर्यंत. फोर्डच्या शेवटच्या फोकस आरएसमध्येही मागची बाजू अशीच जास्त वेगाने फिरवलेली आहे. तिथे मागे दोन क्लच आहेत, ७० टक्क्यांपर्यंत ताकद मागे जाते आणि त्यातली सगळी एका चाकाला देता येते. मला स्वतःला ही रचना फार देखणी वाटते.

आता तुमची गाडी. तुमच्याही मोडचं वर्णन वाचून तीही याच जातीची दिसते. हा मुद्दाम ठेवलेला फरक एखाद-दुसऱ्या टक्क्याचा असतो. पुढे नव्या टायरची नक्षी आठेक मिलिमीटर, मागे साडेचार. ३१८ मिलिमीटरच्या त्रिज्येत साडेतीन मिलिमीटर म्हणजे १.१ टक्के. पुढची चाकं मोठी झाली की ती हळू फिरतात, मागची जलद. कारखान्यात ठेवलेला फरक टायरनेच गिळला. क्लच घट्ट धरतोय, पण ढकलायला वेगाचा फरकच उरलेला नाही.

अरुंद वळणात पूर्वीसारखं का, तेही यातच बसतं. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.५६ मीटर धरला तर १० मीटर त्रिज्येच्या वळणात हा फरक ३.२ टक्के येतो, ६० मीटरच्या वळणात जेमतेम ०.१. लहान वळण स्वतःच क्लचला हवा तो फरक पुरवतं, मोठं वळण नाही. आणि तापमान चढत नाही, कारण क्लचमध्ये घसरण नाही तर उष्णता कुठून येणार?

प्रतिसाद ३

वरच्या हिशेबाला एक दुरुस्ती. रेडियल टायर किती अंतर कापतो हे मुख्यतः आतल्या पट्ट्याच्या घेरावर ठरतं, त्यामुळे नक्षी झिजली तरी प्रत्यक्ष फरक १.१ पेक्षा कमी येईल. मोजूनच बघा. चारही टायरमध्ये हवा सारखी करा, पुढच्या आणि मागच्या टायरवर जमिनीला टेकतो तिथे खडूने रेघ मारा, न्यूट्रलमध्ये गाडी सरळ ढकला आणि दहा फेऱ्यांचं अंतर टेपने मोजा.

आणि कृपा करून नवे टायर मागे टाकून बघू नका. मग उलटं होईल, फरक वाढेल आणि क्लच सतत घसरत राहील. ताशी १०० किलोमीटरला मागच्या अॅक्सलवर १५०० न्यूटन-मीटर असताना एक टक्का घसरण म्हणजे साधारण १.३ किलोवॅट उष्णता, तीही त्या एवढ्याशा डब्यात.

धागाकर्ता

मोजलं. मित्र गाडी ढकलत होता, मी गुडघ्यांवर बसून रेघ मोजत होतो. पुढे दहा फेऱ्यांना १९.४७ मीटर, मागे १९.३४. म्हणजे ०.६७ टक्के. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा एक सेंटीमीटरच्या आत.

काल त्याच मित्राच्या गाडीची चारही सारख्या झिजेची चाकं लावून पाहिली. पहिल्याच मोठ्या वळणात पाय दाबला आणि गाडी आत वळली. मनापासून आभार, युनिट उघडलं असतं तर चांगला क्लच विनाकारण सुटा झाला असता.

आता मागचेही दोन नवे घेतो आहे. पण पुढच्यांची दीड महिन्यात सुमारे एक मिलिमीटर झीज झाली आहे. एवढा फरक चालेल, की मागचेही तेवढे झिजेपर्यंत तो मोड वापरूच नये? आणि पुढे-मागे अदलाबदल तुम्ही किती किलोमीटरला करता?