सौर इन्व्हर्टरची नोंद घरच्या संगणकावर ठेवणे, आणि दुपारी तुटणारे उत्पादन

गच्चीवरून (मिरज)

सर्वांना नमस्कार. आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर ५४० वॉटची सहा पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॉटचा संच, पंतप्रधान सूर्यघर योजनेतून बसवून घेतला आहे. इन्व्हर्टर सिंगल फेज असून गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत आहे, आणि त्याला लावलेल्या वाय-फाय डोंगलमधून कंपनीच्या ॲपवर आकडे दिसतात. बॅटरी नाही.

या ॲपबद्दल माझ्या तीन शंका आहेत. पहिली अशी, की ते पाच मिनिटांनी एकदाच आकडा दाखवते, घरचे इंटरनेट गेले की तेवढ्या वेळाचा आलेख कोरा राहतो, आणि सगळी नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. हीच माहिती थेट घरच्या एखाद्या संगणकावर साठवता येईल का? दुसरी अशी, की स्वच्छ उन्हाच्या दिवशी ॲप १४ युनिट दाखवते, पण नेट मीटरवर निर्यात मात्र ९ युनिटच्या आसपासच वाढलेली असते. मग उरलेली वीज जाते कुठे?

तिसरी शंका मला सर्वांत जास्त सतावते. ॲपमधल्या आलेखात दुपारी दोन ते चारच्या दरम्यान करवतीसारखे दात दिसतात, म्हणजे उत्पादन एकदम खाली येते आणि काही मिनिटांत पुन्हा वर चढते, आणि हे आभाळ निरभ्र असतानाही होते. शिवाय उत्पादनाचा सर्वोच्च बिंदू दुपारी तीनच्या सुमारास दिसतो, हेही मला पटत नाही. संच बसवणाऱ्यांचे म्हणणे असे, की पॅनेल धुतली की सगळे ठीक होईल. धुतली, फरक पडला नाही. मला संगणकाची बऱ्यापैकी माहिती आहे, विजेची मात्र बेताचीच.

फेज-न्यूट्रल (पुणे)

आधी घड्याळाचे पाहू, कारण ते सोपे आहे. मिरज भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे तुमच्याकडे एप्रिलमध्ये सूर्य साधारण साडेबाराला माथ्यावर येतो. ॲप जर तीन वाजता दाखवत असेल, तर हा अडीच तासांचा फरक म्हणजे बहुधा चीनची प्रमाणवेळ आहे. खाते उघडताना संचाचा देश किंवा कालविभाग बदलायचा राहून गेला की असे होते. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘प्लँट’च्या माहितीत जाऊन कालविभाग साडेपाच तासांचा करा. म्हणजे तुमचे दात प्रत्यक्षात साडेअकरा ते दीडच्या दरम्यान, ऐन माथ्यावरच्या उन्हात पडत आहेत, आणि ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

आता घरच्या नोंदीविषयी. होम असिस्टंट हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर या कामाला उत्तम आहे. २०२१ पासून त्यात विजेचा हिशेब दाखवणारा स्वतंत्र फलक आहे. ते रास्पबेरी पाय ४ किंवा ५ या तळहाताएवढ्या संगणकावर चालते. जुना लॅपटॉपही चालेल, पण पाय चार-पाच वॉट खातो, म्हणजे दिवसाला सुमारे ०.१ युनिट, आणि जुना लॅपटॉप त्याच्या चार-पाच पट; वीज मोजण्यासाठीच वीज घालवायची असेल तर कमीत कमी घालवावी. पायवर एसडी कार्डाऐवजी लहान एसएसडी लावा, कारण दिवसरात्र लिहिण्याने स्वस्त कार्डे लवकर दगा देतात.

इन्व्हर्टरपर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत. बऱ्याच डोंगलशी घरातल्या वाय-फायवरूनच, इंटरनेट न वापरता, बोलता येते. सोलरमन जातीचे डोंगल ८८९९ या पोर्टवर उत्तर देतात आणि होम असिस्टंटसाठी त्यांची तयार जोडणी मिळते. त्याआधी राउटरमध्ये डोंगलचा पत्ता कायमचा ठरवून द्या, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि नोंद बंद पडते. दुसरा मार्ग म्हणजे इन्व्हर्टरच्या तळाशी असलेल्या आरएस-४८५ जोडणीतून दोन तारा काढून यूएसबीच्या परिवर्तकाने थेट संगणकाला जोडणे. हा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण तो वाय-फायच्या लहरीवर अवलंबून नसतो आणि दर दहा सेकंदांनी वाचन घेता येते. ए आणि बी या तारांसाठी नेटवर्कच्या केबलमधली पिळाची एक जोडी पुरते. वेग बहुतेक ठिकाणी सेकंदाला ९६०० बिट असतो आणि इन्व्हर्टरचा क्रमांक १. या तारांवर जोखमीचा दाब नसतो, पण शेजारीच पॅनेलकडून येणारा दोन-अडीचशे व्होल्टचा डीसी दाब असतो, तेव्हा झाकण उघडायची वेळ आली तर ते काम वायरमनकडूनच करून घ्या.

या तारांवरून इन्व्हर्टरशी मॉडबस नावाच्या ठरलेल्या भाषेत बोलायचे असते, आणि तिच्यात प्रत्येक आकडा एका क्रमांकाच्या कप्प्यात, म्हणजे रजिस्टरात, असतो. या रजिस्टरांची यादी कंपनीकडे मागून घ्या. मागितली की बहुधा देतात. वाचण्याच्या आज्ञा ०३ आणि ०४ या आहेत, लिहिण्याच्या ०६ आणि १६. सुरुवातीला लिहिण्याच्या आज्ञांना हातच लावू नका.

एकूण उत्पादनाचा आकडा दोन रजिस्टरांत विभागलेला असतो, आणि त्यांचा क्रम उलटा धरला तर १,२३४.५ युनिटच्या जागी आठ कोटी युनिट दिसतात. असे दिसले तर इन्व्हर्टर बिघडला असे समजू नका, क्रम उलटवा. आणखी एक गोष्ट म्हणजे, विजेच्या फलकाला ‘आजचे उत्पादन’ हा आकडा न देता ‘एकूण उत्पादन’ द्या. रात्री इन्व्हर्टर झोपतो आणि आजचा आकडा मध्यरात्री शून्य न होता दुसऱ्या दिवशी सकाळी जागा झाल्यावर शून्य होतो, त्यामुळे कालची वीज आजच्या खात्यात शिरते.

मूळ स्वरूपातली दर दहा सेकंदांची नोंद होम असिस्टंट दहाच दिवस ठेवते. तासाच्या सरासरी मात्र कायम राहतात. दात तपासायचे असतील तर व्होल्टेजची नोंद अधिक दिवस राहील असा बदल करून घ्या. आणि बाहेरून आकडे पाहता यावेत म्हणून राउटरचा पोर्ट उघडा सोडण्याचा मोह टाळा; व्हीपीएन वापरा.

आठवडी-नोंद (रत्नागिरी)

वरची सगळी मांडणी योग्य आहे, पण दुसऱ्या शंकेला संगणकाची गरज नाही. ॲपमधला आकडा इन्व्हर्टरने तयार केलेल्या विजेचा आहे आणि नेट मीटरची निर्यात म्हणजे घराने वापरून उरलेली वीज. १४ मधून ९ गेले, उरलेले ५ युनिट दिवसा फ्रिज, पंप, धुलाई यंत्र यांनी थेट खाल्ले; ते मीटरपर्यंत पोहोचलेच नाहीत, म्हणून मीटरला दिसले नाहीत. घराचा खरा वापर काढायचा तर उत्पादनातून निर्यात वजा करून त्यात आयात मिळवावी. बिलात फक्त आयात आणि निर्यात येतात, आणि शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो.

मी दर रविवारी सकाळी मीटरवर फिरणारे आयात आणि निर्यात हे दोन आकडे आणि इन्व्हर्टरचा एकूण आकडा वहीत उतरवतो. एवढ्यावर बिल पडताळता येते. इन्व्हर्टरचे मोजमाप बिलाच्या मीटरइतके काटेकोर नसते, दोन-तीन टक्के इकडेतिकडे चालायचेच. ज्यांना केवळ बिलाची खात्री करायची आहे त्यांनी एवढ्या खटाटोपात पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दातांसाठी मात्र वही कामाची नाही.

जुना तारतंत्री (नाशिक)

दातांचे कारण पॅनेलवरची धूळ नव्हे. धुळीने आलेख सगळीकडे सारखा बसतो, तो मधूनमधून तुटत नाही. निरभ्र आभाळात, ऐन माथ्यावरच्या उन्हात उत्पादन शून्यावर जाऊन काही मिनिटांनी परत येत असेल, तर पहिला संशय व्होल्टेजवर घ्यावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार दाब ११० टक्क्यांच्या वर गेला की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत बाजूला व्हायचे असते, आणि पुरवठा किमान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय परत जोडले जायचे नसते. २३० व्होल्टच्या हिशेबाने ही मर्यादा २५३ व्होल्ट होते. इन्व्हर्टरच्या इशाऱ्यांच्या यादीत ग्रिडच्या अतिदाबाची नोंद आहे का, ते आधी पाहा.

वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला आपल्या टोकाचा दाब लाइनपेक्षा थोडा वर न्यावा लागतो, आणि तार जितकी बारीक व लांब, तितका तो अधिक वर न्यावा लागतो. म्हणून दुपारी, उत्पादन सर्वाधिक असताना, दाबही सर्वाधिक असतो. पाच मिनिटांच्या आकड्यांत हे दिसत नाही, कारण दोन नोंदींच्या मधल्या वेळात इन्व्हर्टर पडून परत उठलेलाही असतो. घरच्या नोंदीचा खरा उपयोग इथे आहे.

त्यासाठी दाब दोन ठिकाणी मोजा: एक इन्व्हर्टरच्या टोकाला, जो मॉडबसमधून मिळतोच, आणि दुसरा तळमजल्यावरच्या मुख्य बोर्डात. बोर्डात ईस्ट्रॉन एसडीएम२३० सारखा, दोन्ही दिशांची वीज मोजणारा मीटर वायरमनकडून बसवून घ्या; तो त्याच आरएस-४८५ तारांवर वेगळा क्रमांक देऊन वाचता येतो. पीझेम जातीचे स्वस्त मोड्यूल घेऊ नका, कारण वीज आत येते आहे की बाहेर जाते आहे, हे त्यांना कळत नाही. क्लॅम्पवाला मीटर घेतलात तर क्लॅम्प फक्त फेजच्या तारेवर बसवावा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र अडकवले की शून्य दिसते.

इन्व्हर्टर पडण्याआधीचे आणि पडल्यानंतर लगेचचे असे दोन्ही ठिकाणचे आकडे इथे लिहा. मुद्दाम काही बंद करायला नको, प्रत्येक दात ही आपोआप झालेली चाचणीच आहे.

गच्चीवरून (मिरज)

सर्वांचे मनापासून आभार. कालविभाग दुरुस्त केल्यावर शिखर साडेबाराला आले. घराच्या वापराचा हिशेबही आता जुळतो.

व्होल्टेजची नोंद अशी आहे. इशाऱ्यांच्या यादीत अतिदाबाच्या नोंदी ओळीने सापडल्या. उत्पादन २.४ किलोवॉट असताना इन्व्हर्टरच्या टोकाला २५२ आणि बोर्डात २४७ व्होल्ट दिसतात. त्यात थोडी भर पडून इन्व्हर्टर पडला की लगेच बोर्डातला आकडा २४४ वर येतो. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास बोर्डात २२६ ते २३० असतात. गच्चीपासून बोर्डापर्यंतची केबल सुमारे ३५ मीटर लांब आहे, आणि तिच्यावर ४ चौरस मिलिमीटर, ॲल्युमिनियम असे छापले आहे. संच बसवणाऱ्यांचे तंत्रज्ञ आता म्हणतात, की इन्व्हर्टरची मर्यादा पासवर्ड टाकून २६५ पर्यंत वाढवून देतो. हे करून घ्यावे का?

जुना तारतंत्री (नाशिक)

करून घेऊ नका. ती मर्यादा तुमच्या आणि शेजारच्या घरांतल्या उपकरणांच्या रक्षणासाठी आहे. ती वाढवली की दात नाहीसे होतील, पण दाब तसाच राहील आणि त्याचा भार फ्रिज आणि एलईडी दिव्यांवर पडेल.

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. इन्व्हर्टर आणि बोर्ड यांच्यातला ५ व्होल्टचा फरक केवळ तुमच्या घरातल्या केबलमुळे आहे. ३५ मीटरची जाऊन-येऊन ७० मीटर तार, ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची, तिचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास येतो, २.४ किलोवॉटला सुमारे साडेनऊ अँपिअर धरले की पावणेपाच व्होल्ट झाले. तेच १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलवर सव्वा व्होल्टच्याही आत राहील. योजनेत संच बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, तेव्हा ही केबल बदलून देण्याची मागणी आकड्यांसह लेखी करा. निव्वळ एवढ्याने इन्व्हर्टरच्या टोकाचा दाब साडेतीन व्होल्टने उतरेल आणि बहुतेक दात जातील.

बोर्डातले २४७ वरून २४४ झाले, ते ३ व्होल्ट खांबापर्यंतची सर्व्हिस वायर आणि लाइन यांच्यातले. सर्व्हिस वायरच्या जोडणीत गंज किंवा ढिलाई असली तरी एवढा फरक पडतो. ती तपासून घ्या. उरलेले २४४ हे तुमच्या डीपीचे, म्हणजे भागातल्या ट्रान्सफॉर्मरचे, आणि त्याच लाइनवरच्या इतर सौर संचांचे आहेत, आणि त्यात घरी काही करता येत नाही.

त्यासाठी शाखा कार्यालयात कनिष्ठ अभियंत्यांच्या नावे अर्ज द्या. मोठ्या डीपीवर टॅप, म्हणजे दाब कमी-जास्त करण्याचे टप्पे, बदलण्याची सोय असते आणि एक टॅप साधारण अडीच टक्क्यांचा, म्हणजे सहा व्होल्टचा असतो. तो खाली घेतला तर लाइनच्या शेवटच्या घरांना संध्याकाळी दाब कमी पडेल, अशी भीती त्यांना वाटणे साहजिक आहे, आणि ती खोटीही नसते. म्हणून अर्जासोबत दुपारचाच आलेख न जोडता संध्याकाळी सात ते दहाचाही जोडा. तुमच्या बोर्डात संध्याकाळी २२६ असतील, तर एक टॅप उतरवल्यावर २२० राहतात आणि मर्यादेत बसतात. लाइनच्या टोकाला काय राहील, ते त्यांनी मोजायचे. केबल बदलल्यावर आठवडाभराची नोंद घेऊन मगच अर्ज द्या, म्हणजे घरातला दोष आणि बाहेरचा दोष कागदावर वेगवेगळे दिसतील.