रक्कम वाढवण्याआधी विमा सक्तीचा करा

कामावर इजा झाली की मिळणारी भरपाई मोजताना जास्तीत जास्त जेवढा पगार धरतात, ती वेतनमर्यादा वाढवली की कामगाराचं भागेल, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. महिन्याला 15,000 ची मर्यादा जानेवारी 2020 मध्ये ठरली, ती वाढायलाच हवी. पण पैसे देणार कोण? कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्याने भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली, विम्याची सक्ती मात्र केली नाही. आणि दहापेक्षा कमी माणसं असली की ईएसआयही (कर्मचारी राज्य विमा) सहसा लागू नसतं.

2021 मध्ये भोसरीत सात माणसांच्या वर्कशॉपमध्ये माझ्या मावसभावाच्या उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसखाली गेली. वय 25, पगार 16,000. कायद्याच्या परिशिष्टात दोन बोटं गेली की कमाईची क्षमता 20 टक्के घटली असं धरलं होतं. म्हणजे 15,000 चे 60 टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक 216.91, त्याचे 20 टक्के: 3,90,438 रुपये भरपाई. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, हातावर 25,000 ठेवले आणि म्हणाला, "विमाच नाही रे, आणू कुठून?" महिन्याभरात रक्कम दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो, हे आम्हाला कळलं ते कामगार न्यायालयाच्या आवारात, वकिलांकडून. तोवर पोरगा डाव्या हाताने जेवायला शिकला होता.