सोसायटी ग्रुप, इंदूर : मुलाचा लॅपटॉप गेममध्ये अडकतोय, नवा घ्यावा का?

सी-४०२ : नमस्कार मंडळी. मुलाला २ वर्षांपूर्वी कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला होता. प्रोसेसर आय५-१२३५यू, ८ जीबी रॅम. परीक्षा संपली तसा गेम खेळायला बसला, तर सारखा अडकतो. आता गेमिंग लॅपटॉप हवा म्हणतोय, म्हणजे ७०-८० हजारांचा प्रश्न. दुसरं म्हणजे घेताना ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्स आहे असं सांगितलं होतं, आणि आत नाव दिसतंय ‘यूएचडी’. आमची फसवणूक झाली का हो?

ए-१०१ : सुट्टीत गेम कशाला, पोहायला पाठवा.

सी-४०२ : काका, वर्षभर नीट अभ्यास केलाय त्याने. सुट्टीत मित्रांबरोबर खेळला तर माझी ना नाही. खर्चाचंच तेवढं बघायचंय.

बी-३०३ : काकू, फसवणूक नाही, दुकानदाराला काही बोलू नका. आत ग्राफिक्सचा भाग तोच आहे. पण रॅम दोन वाटांनी चालत असेल, म्हणजे ड्युअल चॅनल असेल, तरच इंटेल त्याला आयरिस एक्सई हे नाव देतं. रॅमची एकच पट्टी असली की तोच भाग यूएचडी म्हणून दिसतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक ८ ची एकच पट्टी आहे.

बी-३०३ : आणि हा नुसता नावाचा फरक नाही. या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, त्यामुळे ग्राफिक्सची स्वतःची मेमरी नसते. ते मुख्य रॅममधूनच वाटा घेतं. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन पट्ट्या ५१.२. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही एकाच नळाखाली बादली लावून बसलेत. दुसरा नळ सोडा, मग बघा.

डी-२०१ : नळावरून आठवलं, नर्मदेचं पाणी उद्या सकाळी आहे ना?

ए-१०१ : हो, उद्याच.

सी-४०२ : दादा, आईच्या फोनवरून मीच लिहितोय. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्लॉट २ पैकी १’ दिसतंय. जीटीए ५ पहिली १० मिनिटं छान चालतो आणि मग धक्के सुरू होतात. असं का?

बी-३०३ : खेळतोस कुठे? गादीवर?

सी-४०२ : हो 🙈 कूलरसमोर.

बी-३०३ : मग निम्मं उत्तर तिथेच आहे. ‘यू’वाल्या प्रोसेसरची मूळ मर्यादा १५ वॉट. थोडा वेळ तो ५५ पर्यंत जाऊ शकतो, पुढे तापला की स्वतःच वेग उतरवतो. त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्सला वीज एकाच वाट्यातून मिळते. गादीने खालची जाळी बंद झाली आणि बाहेर इंदूरचा मे महिना, त्याने जायचं तरी कुठे? टेबलावर ठेव, मागची बाजू पुस्तकाने बोटभर उचल. चार्जर लावूनच खेळ. मग रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० कर. साधारण २०.७ लाख ठिपके रंगवायचे ते ९.२ लाखांवर येतात, काम निम्म्याहून कमी. सावल्या आणि गवत अगदी खाली आण. शेवटी फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांवर, ३० किंवा ४० चं बंधन घाल. मध्येच ६०, मध्येच २२ होण्यापेक्षा सलग ४० डोळ्याला कितीतरी बरं वाटतं.

सी-४०२ : आणि सायबरपंक? मित्राकडे आहे.

बी-३०३ : खरं सांगू का, त्याची आशा सोड. २०२३ मध्ये त्यांनी किमान गरजच वाढवली : ६ जीबीचं जीटीएक्स १०६० कार्ड, १२ जीबी रॅम, शिवाय एसएसडी. नुसत्या रॅमने ती दरी भरत नाही. जीटीए ५ कॉम्प्युटरवर २०१५ साली आला, व्हॅलोरंट मुळातच हलका. असले गेम तुझ्या मशीनवर नीट चालायला हवेत. सायबरपंकसारखेच गेम खेळायचे असतील तर वेगळं कार्ड असलेला लॅपटॉपच लागेल, आणि तो विचार आईबाबांबरोबर बसून कर.

ई-५०२ : रॅम घेताना जुनी पट्टी काढून बरोबर न्या. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये चार दुकानांत भाव विचारा. वॉरंटी शिल्लक असेल तर लॅपटॉप उघडण्याआधी कंपनीला विचारून घ्या, नंतर वाद नको.

बी-३०३ : बरोबर. आणि ८ बरोबर ८ च घ्या.

(त्याच रात्री)

सी-४०२ : दादा, टेबल, ७२० आणि ४० चं बंधन. दीड तास खेळलो, गर्दीच्या रस्त्यावर थोडं अडकलं, बाकी मस्त!

(पुढच्या शनिवारी)

सी-४०२ : काकू बोलतेय. दुसरी पट्टी बसवून आणली. आता खरंच आयरिस एक्सई असं नाव दिसतंय, लेक मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेला. दादा, उद्या सकाळी पोहे खायला या, सगळ्यांना घेऊन.

बी-३०३ : नक्की येतो काकू. त्याला सांगा, ४० चं बंधन लगेच काढू नकोस. आधी पाऊस पडू दे.

ए-१०१ : माझ्या नातीचा लॅपटॉपही फार तापतो. उद्या घेऊन आलो तर बघाल का?

बी-३०३ : आणा काका, चार्जरसकट आणा.