एकाच टॉवरमध्ये पंधरा पार्सलं, क्रम कसा लावायचा?

प्रश्न: सगळी वेगवेगळ्या मजल्यांवर, लिफ्टपाशीच वेळ जातो. काय करावं?

उत्तर १: गाडीतच मजल्यानुसार लावा. जड खोकी ट्रॉलीवरून सर्व्हिस लिफ्टने आधी पोचवा. मग हलकी पाकिटं पिशवीत, सगळ्यात वरच्या मजल्याचं पाकीट वर. लिफ्टने थेट वर जा, जिन्याने उतरत वाटा. ट्रॉलीवर मात्र जड खोकं खालीच, नाहीतर उंबऱ्यावर चाक अडकून थप्पी कोसळते.

उत्तर २: तळघरात रेंज जाते, ओटीपी अडकतो. फोन गेटवरूनच करा. जेवणाच्या सुट्टीत रिसेप्शन रिकामं असतं, तेव्हा जाऊच नका.

उत्तर ३: सहीसोबत घेणाऱ्याचं पूर्ण नाव हवंच. नुसतं ‘सिक्युरिटी’ लिहिलंत, तर तक्रार आल्यावर पार्सल कुणी घेतलं हे सांगताच येत नाही.