अनुभव धागा: दोन लॉ कॉलेजं, दोन्ही सारखीच, आणि मध्येच बदली

अमळनेरची वकीलीण:
भाचा काल कागदं चाळताना माझ्या टीसीची जुनी झेरॉक्स घेऊन आला. "मावशी, हे लाल पेनानं काय लिहिलंय?" एकदम २०१२ आठवलं.

पुण्यात एलएलबीचं पहिलं वर्ष झालं आणि अण्णांना लकवा मारला. मी घरी. आता जळगाव की धुळे? विद्यापीठ एकच (तेव्हाचं उमवि, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, बहिणाबाईंचं नाव २०१८ला लागलं), सिलॅबस एकच, पेपर एकच, फी उन्नीस-बीस. अण्णा वाकड्या तोंडानं म्हणाले, "दोन्ही सारखाच शेतस, जठे येष्टी येळवर जास तठे जाय."

दोन्हीकडे जाऊन आले. एकीकडे सगळे गोड. "पुण्याचे विषय? होऊन जाईल मॅडम." दुसरीकडच्या क्लार्कभाऊंनी दोन्ही सिलॅबस शेजारी ठेवले, पट्टीनं ओळ धरून एकेक विषय ताडला आणि झेरॉक्सवरच लाल पेनानं तीन नावं टाकली. "हे तुमचे झालेले नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या पेपरांबरोबर द्यावे लागतील. जमेल?" मला तिथंच रडू आलं. ॲडमिशनही तिथंच घेतली.

तुमचंही लिहा.

तापीकाठ:
शिरपूर. आधीच्या कॉलेजनं एनओसी अडवली. साहेब मीटिंगला, शिक्का कपाटात, कपाटाची चावी ज्यांच्याकडे ते रजेवर. नव्या वर्गात बसलो तेव्हा गणपती बसलेले. बार कौन्सिलच्या (वकिलीच्या शिक्षणाचे नियम करणारी संस्था) नियमानं ७० टक्के हजेरी, आणि माझी मोजली जूनपासून! कोणत्या तारखेपासून धरणार ते आधी विचारा रे बाबांनो. मी नव्हतं विचारलं.

भुसावळची सून:
गॅसवर वांगी आहेत, पटकन लिहिते. लग्नानंतर नाशिकहून आले. टीसीवर भागेल वाटलं, पण विद्यापीठ बदललं की मायग्रेशनही (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) लागतं. दोनदा गेले आणायला. सासूबाई म्हणाल्या, कागद आणायला जातेस का माहेरपणाला? दोन्हीला गेले.

पाळधी पॅसेंजर:
तेव्हा एकेरी रूळ होता. मालगाडी यायची म्हणून आमची गाडी धरणगावला उभी. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट अख्खा तिथंच वाचला. कॉलेजं सारखीच असतात हो, शिकवणारे सर पुढे कोर्टात उभे राहतात का ते बघा. आमचे सर सकाळचं लेक्चर घेऊन थेट कोर्टात, मागून आम्ही फायली धरून. उलटतपासणी म्हणजे काय ते तिथं कळलं, पुस्तकात नाही.

केळीचं पान:
मी डीएडवाला, चालेल का? धुळ्याच्या स्टँडजवळची शेवभाजी अजून तशीच आहे का तेवढं सांगा.

तापीकाठ:
तशीच. रस्सा पातळ झालाय.

केळीचं पान:
अरेरे. कॉलेज कुठलंही घ्या, रस्सा घट्ट पाहिजे.

नवा भिडू:
मी लॉच्या बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला, आता तिसऱ्या वर्षात. पदवीनंतरच्या तीन वर्षांवाल्याच्या दुसऱ्या वर्षात शिरता येईल का? घराजवळ पडेल.

अमळनेरची वकीलीण:
नाही रे दादा. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत असं मधूनच शिरायला मनाई आहे. पाचवाल्यानं पाचवाल्यातच बघायचं. कोणी "करून देतो" म्हटलं तर पैसे देऊ नकोस.

नवा भिडू:
म्हटलंय एकानं...

तापीकाठ:
पळ.

पाळधी पॅसेंजर:
ताई, जळगाव घेतलं का धुळं, ते राहिलंच की.

अमळनेरची वकीलीण:
नाही सांगणार, गोडवाले पण वाचत असतील. येष्टी मात्र कधीच वेळेवर आली नाही, अण्णांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

केळीचं पान:
क्लार्कभाऊंना पेढे दिले का?

अमळनेरची वकीलीण:
नेले होते. म्हणाले, आधी तिन्ही पेपरांची मार्कशीट दाखवा.

भुसावळची सून:
तुमच्या नादात वांगी जळाली माझी.

पाळधी पॅसेंजर:
भरताची ना? मग बरोबर झालं.